महिनाभराच्या बोलीवर आणलेली बहीण

मला जुळी बहीण आहे हे मला चौदाव्या वर्षी कळलं, आणि तेसुद्धा शाळेच्या स्नेहसंमेलनाला नाटक हवं होतं म्हणून. नाटक नसतं तर कदाचित माझ्या लग्नात कळलं असतं. किंवा कळलंच नसतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पनवेलात एका शाळेचे मुख्याध्यापक होते. मिठागरात राबणाऱ्या घरातून आलेले आणि आमच्या गावातले पहिले शिकलेले. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. भाषण करणाऱ्या माणसांना तेव्हा फार मागणी होती आणि अण्णा ती मनापासून पुरवत. झेंडावंदनाला, वाचनालयाच्या वाढदिवसाला, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं तर तिथेसुद्धा. त्या वर्षी संमेलनाला जिल्ह्याचे कुणी निवृत्त बडे अंमलदार अध्यक्ष म्हणून येणार होते. त्यांच्यापुढे नेहमीचं ऐतिहासिक नाटक करणं अण्णांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी स्वतः नाटक लिहिलं. राजाच्या दोन जुळ्या मुली, एक जत्रेत हरवते, कोळ्याच्या घरी वाढते, आणि चौदा वर्षांनी राजाला सापडते. विनोदी आणि कौटुंबिक, असं त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं, म्हणजे शंकेला जागा नको.

"जुळ्या मुली आणणार कुठून?" आईने विचारलं.

अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "आहेत ना आपल्याकडे."

आईच्या हातातलं उलथणं खाली पडलं. मी भाकरी खात होते. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही, त्यावरून विषय माझा आहे हे मला कळलं.

मग हकिगत बाहेर आली. माझ्या आधी आईचे दोन मुलगे बाळपणीच गेले होते. मूल जगत नसेल तर जन्मलेलं मूल दुसऱ्या बाईला सूपभर कोंड्यावर विकायचं, अशी चाल होती. मूल आपलं नाही, परक्याचं आहे, असं दाखवायचं, म्हणजे त्याच्यावर टपून बसलेल्याची फसगत होते. टपून बसलेला जो कोणी असतो, तो विक्रीच्या व्यवहारावर विश्वास ठेवतो असं आमच्यात मानत. बहुतेक घरांत विकलेलं मूल पाळण्यातच राहतं. मोठं झालं की पुन्हा सूपभर कोंडा देऊन चारचौघांसमोर त्याला परत विकत घेतात आणि ज्या बाईने आधी विकत घेतलं होतं तिला लुगडं-चोळी करतात. आम्ही जुळ्या झालो. मी रडले, दुसरी रडेना. उरणकडची एक कोळीण दारावर सुकी मासळी घेऊन यायची. तिची चारही पोरं धडधाकट होती आणि धाकटं अंगावर पीत होतं. आईने न रडणारी मुलगी तिला विकली. कोळीण म्हणाली, "दूध माझंच पिल, महिनाभर नेते." नेली, आणि ती जगली. मी जगले. पाठचा भाऊ झाला, तोही जगला. तेव्हापासून तिला परत आणायचं म्हटलं की आईला वाटायचं, जगलेल्यांवर पुन्हा कुणाचा डोळा पडेल. एकदा कोंडा पाखडून ठेवला होता, तर भावाला त्याच दिवशी ताप भरला. आईने कोंडा म्हशीपुढे ओतला आणि पुन्हा विषय काढला नाही. ताप उतरला. त्या तापाने आईच्या मनात जी समजूत रुजवली, ती अण्णांच्या कुठल्याही भाषणाने निघाली नाही.

ती कोळीण मला माहीत होती! दर बाजारच्या दिवशी आई मला घेऊन बंदराकडच्या बाजारात तिच्याच पाटीपुढे बसायची. "जवळा कसा दिलास?" असं आई विचारायची, आणि कोळीण भाव सांगून पुढे म्हणायची, "बरा हाय. यंदा चांगला वाढलाय. खातोपितो." मला वाटायचं, जवळ्याबद्दलच चाललंय. मग ती माझं मनगट दोन बोटांत धरून म्हणायची, "ही बारीक हाय गो. काय घालतीस हिला? पुस्तकं?" आणि मापावर एक मूठ जास्त टाकायची.

अण्णांनी तिला बाजारातच गाठलं. महिन्याची बोली ठरली. संमेलन झालं की मुलगी परत.

"महिना म्हंजे महिना, मास्तर," ती म्हणाली. "भरती कोणासाठी थांबत नाय, आणि मी पन नाय."

भेटीचा प्रसंग अण्णांनी आधी योजून ठेवला होता. नाटकात तसाच होता: दोघी बहिणी एकमेकींना पाहतात, क्षणभर स्तब्ध, मग मिठी. त्या दिवशी कोळीण तिला घेऊन मागच्या दाराशी आली. पुढच्या दाराने आणायची नाही, असं आईने निक्षून सांगितलं होतं. पुढच्या दाराने आली तर ती घरी आली असं होईल. आईने भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या ओवाळायला आणला, मग तिच्या लक्षात आलं की ओवाळलं तरी तेच होणार. तिने तुकडा थोडा वेळ हातात धरला आणि कावळ्याला टाकला.

माझी बहीण माझ्यापेक्षा बोटभर उंच होती. उन्हाने काळवंडलेली, खांदे रुंद, पाय भक्कम. पण चेहरा माझाच. आपला चेहरा दुसरं कुणीतरी जास्त चांगला वापरतंय असं पाहिल्यावर काय वाटतं, ते मला अजून धड सांगता येत नाही. आम्ही मिठी मारली नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कोळणीला विचारलं, "आये, ही आजारी हाय का?"

अण्णा म्हणाले, "हा संवाद चांगला आहे," आणि वहीत लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी एक अडचण पुढे आली. नाटकाची सगळी गंमत कोण कुठली ते ओळखू न येण्यात होती, आणि आम्ही तर लांबूनही वेगवेगळ्या ओळखू येत होतो. अण्णांनी उपाय काढला. मी रोज दुपारी गच्चीवर उन्हात बसायचं आणि तिने घरात सावलीत बसायचं, म्हणजे संमेलनापर्यंत दोघी मधल्या कुठल्यातरी रंगावर येऊन भेटू. मी गच्चीवर पुस्तक घेऊन बसायची आणि नाकाची सालं काढायची. ती खाली पडवीत फेऱ्या मारायची. तिला बसता येतच नसे. गच्चीवर मला तिची पावलं ऐकू यायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. दिवस गेले तशी मलाही बसवेना. पुस्तकाची तीच ओळ चारदा वाचून मी उठायची आणि वर फेऱ्या मारायची. खाली ती, वर मी. भाऊ अंगणात गोट्या खेळत असायचा, तो एकदा म्हणाला, "तुम्हां दोघींना काय मुंग्या चावतात का?"

चालता चालता ती एकदम थांबायची आणि म्हणायची, "लागली." म्हणजे भरती लागली. खाडी आमच्या घरापासून दिसत नव्हती. मी पहिल्यांदा हसले. मग बंदरावर जाऊन पाहून आले. लागली होती.

आईचीही तीच गत होती. एकदा घासलेली भांडी ती पुन्हा घासायला काढायची. बहिणीच्या ताटात वाढताना तिचा हात अर्ध्यावर थांबायचा, जास्त माया दिसली तर कुणाच्या डोळ्यावर येईल म्हणून. मग सगळ्यांच्या ताटात सारखीच आमटी पडायची आणि बहिणीच्या आमटीखाली लपवलेला कोलंबीचा गोळा निघायचा. घरात भाऊ शिंकला तरी आई हातातलं काम टाकून धावायची.

मला मात्र ती राहायला हवी होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. अण्णांच्या घरात प्रत्येक गोष्टीला प्रस्तावना आणि समारोप असायचा. त्यात ती दोन शब्दांत बोलणारी मुलगी आली आणि घरात वारा शिरल्यासारखं झालं. तिला मी अक्षरं गिरवायला शिकवत होते. एका दिवसात तिने निम्मी बाराखडी पाठ केली आणि वही मिटली.

"ऱ्हा ना इथेच," मी म्हटलं. तिच्याशी बोलताना माझी जीभ आपोआप गावाकडे वळायची. अण्णांनी ऐकलं असतं तर पट्टी मारली असती. "आपण दोघी हायस्कुलात जाऊ."

"आनि काय करू?"

"शिकायचं."

"बसून?"

"बसूनच शिकतात."

ती पडवीच्या खांबाला टेकली, मग पुन्हा चालायला लागली. "हितं सगळीच बसतात. तुजा बाप बसतो, तू बसतीस, ती म्हैस पन बसते. माजी आय पाटी डोक्यावर घेऊन बंदरापासून बाजारापर्यंत येते. ती यायची बंद झाली की पाटी माज्याकडं येनार. त्ये ठरलंय."

नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात राजा कोळणीला सोनंनाणं देऊ करतो. ती नाकारते आणि म्हणते, सोनं नको, चालीप्रमाणे सूपभर कोंडा द्या. राजा कोंडा देतो, मुलगी घेतो, पडदा. अण्णांनी आमच्याच घरातली चाल उचलून राजवाड्यात नेली होती. राजा अर्थात अण्णाच. कोळीण आमचे ड्रॉइंगमास्तर होते, कारण चांगल्या घरच्या बायका रंगमंचावर येत नसत. मुख्याध्यापकांच्या मुली आल्या तर चालतं, असा नियम अण्णांनी त्या वर्षापुरता काढला होता.

संमेलनाच्या दोन दिवस आधी आई मला कोठीच्या खोलीत घेऊन गेली. नव्या सुपात घरच्या तांदळाचा कोंडा भरून ठेवला होता, आणि सुपाच्या कडेला हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं.

"नाटकातल्या सुपाला हळदीकुंकू कशाला?" मी विचारलं.

आईने दार लोटून घेतलं. "चारचौघांसमोर देणं झालं की झालं. कोळीण पण येणार आहे बघायला. तिच्या डोळ्यांदेखत झालं की तिलाही नाही म्हणता येणार नाही."

"पण ते नाटक आहे, आई."

"म्हणूनच," आई म्हणाली. "ज्याच्या डोळ्यावर येऊ नये, त्याला वाटेल नाटक चाललंय. त्याला काय कळतंय, मुकुट पुठ्ठ्याचा आहे पण कोंडा खरा आहे ते."

मी आयुष्यात पुष्कळ चतुर माणसं पाहिली, काही तर व्यासपीठावर. पण नियतीलाच नाटकाचा प्रेक्षक बनवायची युक्ती एका चौथी शिकलेल्या बाईलाच सुचली.

मी इतकी खूश झाले की व्हायची ती चूक केली. पडवीत गेले आणि बहिणीला सगळं सांगून टाकलं. परवा कोंडा दिला की तू आमची. तुला जायलाच नको.

ती चालायची थांबली. भरती नव्हती.

"आये कबूल झाली?" तिने विचारलं.

"तिला ठाऊकच नाही. पण दिलेलं ती मानेलच ना?"

"मानंल," ती म्हणाली. "ती शब्दाची हाय." मग ती जमिनीवर बसली. जेवणाखेरीज अशी स्वस्थ बसलेली मी तिला महिन्याभरात पहिल्यांदा पाहिली, आणि मला वाटलं, तिलाही आवडलं.

संमेलन दुपारी होतं. अध्यक्षांना उजेडात परत जायचं होतं. शाळेच्या पटांगणात मंडप, सुताराने सकाळपर्यंत ठोकाठोक करून उभा केलेला मंच, मागे चटयांचा आडोसा. अध्यक्ष आले. त्यांना तीन हार घातले गेले, त्यांनी ते काढून ठेवले, फोटोसाठी पुन्हा घातले. ते मुलांच्या कर्तव्याविषयी इतकं बोलले की मुलांना दुसरं कुठलंही कर्तव्य करायला वेळ उरला नाही. स्वागतगीत म्हणणाऱ्या दोन मुली उन्हाने मट्कन खाली बसल्या. अध्यक्षांनी त्याला भावनांचा आवेग म्हटलं.

मी चटईच्या आड उभी होते. बहीण मंचाच्या मागे सुपाजवळ गेली. तिने ते उचललं, शिपायाची शेळी बांधली होती तिथवर नेलं आणि सगळा कोंडा शेळीपुढे पालथा केला. मग मंचाखाली वाकून सुताराने पाडलेल्या लाकडाच्या भुशाने सूप भरलं आणि होतं तिथे ठेवलं. कडेचं हळदीकुंकू मात्र तिने पुसलं नाही. वळली तेव्हा तिने मला पाहिलं.

माझ्यापासून दोन पावलांवर आई पाठमोरी उभी होती. मी हाक मारू शकत होते. घरी अजून कोंडा होता, भावाला पळवलं असतं तर पहिला अंक संपायच्या आत तो घेऊन आला असता. बहीण माझ्याकडे बघत राहिली. विनवणी नव्हती, धाकही नव्हता. शेळी खात होती. मी बाजूला धरलेली चटई सोडली आणि ती आमच्या दोघींच्या मध्ये आली.

नाटक रंगलं, असं म्हणायला हवं. आम्ही दोघी एकमेकींच्या जागी जाऊन राजाच्या स्वयंपाक्याचा गोंधळ उडवतो त्या प्रवेशाला लोक खूप हसले, निम्मे आमच्या विनोदाला आणि निम्मे माझ्या सोललेल्या नाकाला. ड्रॉइंगमास्तर लुगडं नेसून आले तेव्हा पहिल्या रांगेतून खऱ्या कोळणीचा आवाज आला, "कासोटा सुटंल, बाबा, सांबाळ!" मास्तरांनी पुढचं सगळं काम एक हात मागे ठेवून केलं.

शेवटचा प्रवेश आला. अण्णा पुठ्ठ्याचा मुकुट सावरत पुढे झाले. सूप दोन्ही हातांनी उचलून म्हणाले, "हे माते, घे हा कोंडा आणि माझी कन्या मज दे." मास्तरांनी सूप घेतलं. "दिली, राजा!" टाळ्या झाल्या. बायकांच्या रांगेत आई उठून उभी राहिली होती. तिचे हात जोडलेले होते.

पडदा पडायच्या आत कोळीण मंचावर चढली.

तिचा चेहरा कोरडा होता. ती सरळ मास्तरांपाशी गेली. बाजारात कुठलीही वस्तू ती चिमटीत धरून पाहिल्याशिवाय घेत नसे. इथेही तिने सुपात हात घातला. चिमूट उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"ह्यो कोंडा नाय," ती म्हणाली. "सुताराचा भुसा हाय."

अण्णा हळूच म्हणाले, "बाई, खाली उतरा. नाटक आहे हे."

"नाटक तुमचा हाय, मास्तर. हळदीकुंकू कोनी लावला मंग?"

"मी कोंडाच दिला होता!" आईचा आवाज सगळ्या मंडपाला ऐकू गेला.

कोळीण तिच्याकडे वळली.  चौदा वर्षं जवळ्याच्या भावातून बोललेल्या त्या दोघींना आता बोलायला काही आडोसा नव्हता.

"दिला असशील बाय," कोळीण म्हणाली. "पन मना भुसा मिळाला. भुशावर पोर देत नाय कोनी." आणि तिने बहिणीचा हात धरला.

लोकांनी यापूर्वी वाजवल्या नव्हत्या इतक्या टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष उठले. नाटकाचा असा अनपेक्षित शेवट आपण कुठेही पाहिला नाही, असं म्हणत त्यांनी उत्कृष्ट अभिनयाचा चांदीचा पेला कोळणीला जाहीर केला. तो पेला अण्णांनी स्वतःसाठी आणून ठेवला होता हे आम्हाला घरात माहीत होतं. अण्णांनी मुकुटासकट तो तिच्या हातात दिला, म्हणजे मुकुट डोक्यावर असताना. ती मागच्या बाजूने उतरली, बहिणीला घेऊन तशीच बंदराकडे गेली. बहिणीच्या तोंडाला अजून पावडर होती. ओहोटी लागायला थोडाच वेळ राहिला असावा, कारण त्या पळत होत्या.

मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते आईने, तिसऱ्या दिवशी, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून.

"कोंडा कुठे गेला?"

"शेळीने खाल्ला," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

"सगळा?"

"सगळा."

ती तेच पातेलं घासत राहिली. "भावाला ताप नाही ना आला?"

"नाही."

"मग असू दे," आई म्हणाली. पण पातेलं तिने पुन्हा राखेत घातलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी आम्ही पाटीपुढे बसलो. जवळा मोजायला कोळणीने नेहमीचं पत्र्याचं माप टाकून चांदीचा पेला घेतला होता. त्यावर शाळेचं नाव आणि 'उत्कृष्ट अभिनय' असं कोरलेलं होतं, आणि आत जवळ्याची पापडी चिकटली होती.

"जवळा कसा आहे?" आईने विचारलं. भाव विचारला नाही.

"बरा हाय. घरी आल्यावर दोन दीस झोपला." मग कोळीण पेला भरता भरता थांबली. "कोंडा असता तर दिली असती गो. मी शब्द मोडला नसता. तुला वाटंल, भुसा मीच भरला."

"नाही वाटत," आई म्हणाली.

दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी बंदराकडे बघत होते. तिथे होड्या चिखलात तिरक्या पडल्या होत्या आणि पाण्याचा पत्ता नव्हता. मला बसवेना. मी उठले, पाटीच्या या बाजूने त्या बाजूला गेले आणि परत आले.

"हिला आता काय झालं?" आईने विचारलं.

कोळणीने पेला शिगोशीग भरून पिशवीत ओतला आणि वर एक मूठ टाकली. "चालू दे तिला," ती म्हणाली. "आमची पन तशीच करते."